उजव्या बुटाचा सुटलेला तळ: सायकलिंगच्या एका जोडीची दुरुस्ती

ताईने बूट टेबलावर ठेवले, तेव्हा उजव्या बुटाचा तळ अंगठ्याखालून सुटून लोंबत होता. फटीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. "एवढं चिकटवून दे रे," ती म्हणाली. "तीन आठवड्यांवर ब्रेव्हे आलीय. नवे बूट घालून दोनशे किलोमीटर जायची माझी तयारी नाही."

तिची अडचण मला पटत होती. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यातला बहुतेक वेळ पाय एकाच ठशात बांधलेला असतो. नव्या बुटाची एखादी शिवण करंगळीला टोचणार असेल, तर ते पहिल्या तासात कळत नाही. सहाव्या तासात कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. पायाच्या वळणाचा झालेला जुना बूट वाचवावासा वाटतो तो त्यासाठीच.

फक्त ते "एवढं चिकटवून दे" मला खटकलं. फटीच्या कडेला आधीच्या गोंदाच्या पांढुरक्या खपल्या दिसत होत्या. म्हणजे चिकटवून झालं होतं, आणि पुन्हा सुटलंही होतं.

जोडी सहा वर्षांची. लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी असते तशी रचना: पायाखाली कडक नायलॉनची प्लेट, तिच्याखाली चालताना पकड देणारा रबरी तळ, त्या तळातल्या खोलगट जागेत दोन बोल्टांनी बसवलेली धातूची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकून बूट धरून ठेवणारा तुकडा. अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, कृत्रिम चामड्याचं. बांधायला खाली वेल्क्रोचे दोन पट्टे आणि वर दातेरी पट्टीचं रॅचेट बकल. पहिली साडेचार वर्षं भरपूर वापर झाला, मग दीड वर्ष बूट बंद डब्यात पडून राहिले. बाहेर काढल्यावर चौथ्याच राइडला पाऊस लागला. ओले बूट रात्रभर हीटरपुढे ठेवले गेले, आणि पुढच्या राइडला तळ सुटला. मग झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचे चार थेंब, आणि दोन दिवसांत पुन्हा तेच.

आधी प्लेट तपासली

गोंदाच्या नळीला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: हा बूट दुरुस्त करण्याजोगा आहे का? सायकलिंगच्या बुटात अप्पर फाटलं तर गैरसोय होते. प्लेटला क्लीटपाशी भेग असली तर धोका असतो. पेडलमधून पाय सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला पिळावी लागते आणि तो सगळा पीळ क्लीटच्या दोन बोल्टांमधून प्लेटवर येतो. तिथे प्लेट तडकलेली असेल तर ऐन थांबायच्या वेळी पाय सुटणार नाही. असली भेग गोंद, इपॉक्सी किंवा पत्रा लावून सांधू नये, असं माझं ठाम मत आहे. कार्बनच्या तळाला तडा असेल तरी तेच. तो बूट वापरातून काढायचा.

इनसोल काढून आत टॉर्च धरली. क्लीटच्या लांबट खाचांभोवती कापसाचा बोळा हलकेच फिरवला. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेतही कापसाचा तंतू अडकतो. मग टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून बूट दोन्ही दिशांना पिळला आणि कान देऊन ऐकलं. तंतू अडकला नाही, करकर आली नाही. प्लेट शाबूत होती, तेव्हा पुढे जायला हरकत नव्हती.

पण खाली क्लीट पाहताना दुसरी गोष्ट सापडली. पुढचा बोल्ट गंजून बसला होता आणि त्याच्या डोक्यातली षटकोनी खाच गोल झाली होती. मागचा बोल्ट अर्धा फेरा सैल. ताईला हे माहीत नव्हतं. मी तिला लगेच फोन केला, कारण ही सुटलेल्या तळापेक्षा गंभीर बाब होती. दोनांपैकी एक बोल्ट पडला तर क्लीट उरलेल्या बोल्टाभोवती फिरते. टाच कितीही पिळली तरी बूट फिरतो, क्लीट पेडलमध्येच अडकून राहते, आणि सायकलस्वार थांबल्या जागी आडवा होतो.

बोल्ट काढायला दोन रात्री गेल्या. क्लीट हलवण्याआधी तिच्या कडेने चंदेरी पेनने रेघ मारून घेतली आणि फोटो काढला. क्लीटची जागा दोन-तीन मिलिमीटरने किंवा थोड्याशा कोनाने बदलली तरी लांब राइडला गुडघा तक्रार करू शकतो, आणि ताईची जागा वर्षानुवर्षं जमलेली होती. मग खाचेतली माती आणि एक बारीक खडा सुईने उकरून काढला. निम्म्या वेळा खाच खराब होते ती यामुळेच. माती तशीच ठेवून ॲलन की घातली जाते, ती पुरती आत बसत नाही आणि कडा खाऊन टाकते. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकावर घेऊन आतल्या बाजूने, नटाच्या आट्यांवर सोडला. फवारा मारायचा नाही. तेल फोममध्ये आणि तळाच्या फटीत झिरपलं की तिथे गोंद लागण्याची आशाच सोडावी. दुसऱ्या रात्री टी-२५ मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट त्या गोल झालेल्या खाचेत हातोडीने ठोकून घट्ट बसवला आणि लांब दांड्याने हळूहळू जोर दिला. 'कट्' असा आवाज आला. एक क्षण वाटलं बोल्ट तुटला, पण तो सुटला होता.

सुटलेल्या पृष्ठभागांवर काय दिसतं

आता मूळ तक्रार. तळ सुटतो म्हणजे नेमकं काय सुटतं, हे दोन्ही पृष्ठभाग उजेडात धरल्याशिवाय सांगता येत नाही. गोंदाचा सगळा थर एका बाजूला राहिला असेल आणि समोरची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल, तर गोंदाची पकड सुटली आहे. दोन्ही बाजूंना भुगा असेल तर गोंद टिकलेला आहे आणि ज्याला तो धरून होता तो पदार्थच मधून फाटला आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

मी उतावीळपणे एकच बाजू पाहिली. अंगठ्याखाली रबर गुळगुळीत होतं, वर सुपरग्लूच्या काचेसारख्या खपल्या होत्या. नखाने टोकरल्या की टचकन उडायच्या. निष्कर्ष सोपा वाटला: पकड सुटली आहे. सुपरग्लू का टिकला नाही हेही उघड होतं. तो वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. चिकटवलेले दोन तुकडे सरळ ओढले तर तो जोड दाद देत नाही, पण बुटाचा तळ असा सरळ ओढला जात नाही. चालताना चवडा वाकतो, पुढचं टोक जमिनीला घासतं आणि तळ केळीच्या सालीसारखा टोकाकडून सोलला जातो. सोलताना सगळा जोर एका रेषेवर येतो. तिथे वाकणारा गोंद लागतो, कडक नव्हे.

म्हणून निओप्रीनवर आधारलेला, बुटांना वापरतात तो कॉन्टॅक्ट गोंद घेतला. जुन्या खपल्या ब्लेडने खरवडल्या, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. ॲसिटोन टाळलं, कारण ते कृत्रिम चामड्याचा वरचा थर मऊ करून टाकू शकतं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, आसपास ज्योत नाही. या गोंदात टोल्युईनसारखी द्रावकं असतात, त्यांचा वास डोक्यात जातो आणि ती पेटही घेतात.

जोड सुंदर बसला. दोन दिवस ठेवला, तिसऱ्या दिवशी बूट हाताने वाकवून पाहिला, आणि करंगळीच्या बाजूचा तीनेक सेंटिमीटरचा कोपरा पुन्हा उघडला.

या वेळी दोन्ही बाजू नीट पाहिल्या. माझा गोंद रबराला घट्ट होता. त्या गोंदावर मात्र पिवळसर, ओलसर भुगा चिकटून आला होता, आणि वरच्या बाजूलाही तोच भुगा. बोटांत चुरडला तर त्याची चिकट पूड झाली. प्लेट आणि रबर यांच्यामध्ये, फक्त बाहेरच्या कडेला, पॉलियुरेथेन फोमची दोन मिलिमीटर जाड पट्टी होती. ती कुजली होती.

दीड वर्ष डब्यात पडून राहणं बुटाला भोवलं ते इथे. पॉलियुरेथेनच्या काही जातींना हवेतला ओलावा आतून तोडतो. रेणूंच्या लांब साखळ्या पाण्यामुळे तुटत जातात आणि फोमचा भुगा होतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. बूट वापरला काय, न वापरला काय, घड्याळ चालूच असतं. उलट बंद, दमट डब्यात ओलावा कोंडून राहतो. "जपून ठेवले होते, तरी खराब झाले" असं लोक हळहळून सांगतात, त्यातल्या बऱ्याच बुटांची हीच गोष्ट असते. हीटरने शेवटचा धक्का दिला, एवढंच. शिवाय गरम झालं की कॉन्टॅक्ट गोंदही मऊ पडतो. ओल्या बुटातून इनसोल काढावा, आत कागदाचे बोळे कोंबावेत, ते भिजले की बदलावेत आणि बूट सावलीत वाऱ्याला ठेवावा. वेळ लागतो, पण बूट टिकतो.

कुजलेल्या फोमवर कुठलाही गोंद टिकत नाही. भुगा काढून आतला घट्ट थर लागेपर्यंत खरवडायचं, हाच मार्ग. मी खरवडत गेलो आणि घट्ट थर लागलाच नाही. अख्खी पट्टी काढावी लागली, सुमारे नऊ सेंटिमीटर. तिच्या जागी त्याच जाडीच्या ईव्हीए (बुटांत वापरतात तो दुसऱ्या जातीचा फोम) शीटची पट्टी कापून घातली. ईव्हीए ओलाव्याने असं कुजत नाही. कागदावर ठसा घेतला, तो शीटवर उतरवला, आणि पट्टीची आतली कड रापीने उतरती तासली, म्हणजे प्लेटला भिडताना पायरी राहणार नाही.

दुसऱ्या खेपेला गोंद लावताना घाई केली नाही. दोन्ही बाजूंना पातळ हात. ईव्हीएने पहिला थर पिऊन टाकला म्हणून तिथे दुसरा. मग थांबणं. या गोंदाची गंमत अशी की तो ओला असताना जोड लावला तर द्रावक आत कोंडतं आणि जोड कच्चा राहतो. बोट टेकवून उचललं की चिकटपणा जाणवावा पण गोंदाची तार सुटू नये, इतपत वाळू द्यायचा. त्या दिवशी पंधरा मिनिटं लागली. तोवर बुटात चिंध्या ठासून भरल्या. आतून आधार नसेल तर बाहेरून दाबल्यावर बूट आत दबतो आणि तळाला दाब मिळतच नाही. तळ टोकापासून मागे, एकेक बोट पुढे सरकत बसवला. एकदा टेकला की सरकवता येत नाही. लाकडी मुठीने जोर लावून सगळीकडे दाबला, आणि सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिची लांब पट्टी बुटाभोवती ताणून गुंडाळली. बुटाच्या वाकड्यातिकड्या आकाराला ट्यूबइतका सारखा दाब कुठलाही शिकंजा देत नाही. दोन दिवस तसाच ठेवला.

टाच का झिजली

वाट पाहण्याच्या त्या दोन दिवसांत डावा-उजवा बूट शेजारी ठेवून पाहत होतो. उजव्या टाचेच्या आतलं अस्तर फाटून रुपयाएवढं भोक पडलं होतं, आतला स्पंज दिसत होता. डाव्याला काहीच नाही. उजव्याच अप्परवर करंगळीच्या वरच्या बाजूला बावीस मिलिमीटरची भेग. तीही डाव्याला नाही. एकाच माणसाचे, एकाच दिवशी घेतलेले बूट. मग सगळं उजव्यालाच का?

ताईला विचारलं. "टाच उचलली जाते रे उजवी," ती म्हणाली. "मला वाटलं मोजे पातळ आहेत. म्हणून त्या पायात दोन मोजे घालते."

उजव्या बुटाचा मधला वेल्क्रो पट्टा ओढून पाहिला. जराशा जोरात सुटला. आकड्यांच्या बाजूत मोज्यांचे धागे, केस, माती यांचा गच्च नमदा झाला होता, आणि पट्ट्यावरची फासांची बाजू घासून सपाट, चकचकीत झाली होती. पट्टा धरत नव्हता, म्हणून पाय चढणीवर ओढताना टाच वर यायची. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला ४,८०० वेळा, दहा तासांत ४८,००० वेळा टाच अस्तरावर घासते. अस्तर फाटेल नाही तर काय होईल? पट्टा सैल म्हणून ताई वरचं बकल जास्त आवळायची. त्यामुळे मधल्या भागात अप्परला घडी पडायची, नेहमी त्याच जागी. भेग बरोबर त्या घडीवर होती.

म्हणजे टाच आणि भेग, दोन्हींच्या मुळाशी तो चार सेंटिमीटरचा वेल्क्रो होता. तळाचा यात संबंध नाही, तो ओलाव्याने गेला. पण वेल्क्रो तसाच ठेवून टाचेला ठिगळ लावलं असतं, तर तेही थोड्याच दिवसांत फाटलं असतं.

आकड्यांची बाजू सुईने आणि जुन्या टूथब्रशने साफ केली. अर्धा तास गेला, चिमूटभर लोकरीएवढा कचरा निघाला. आकडे अजून ताठ होते. फासांची बाजू मात्र उसवून काढली आणि नवी पट्टी मेणदोऱ्याने उलट टाका घालून शिवली. जुन्याच छिद्रांतून आरी घातली. नवी छिद्रं पाडली की पट्टा तिथे कमजोर होतो.

त्याच कारणाने अप्परची भेग शिवली नाही. शिवण बळकट दिसते, पण वाकणाऱ्या, आधीच तडकलेल्या पातळ चामड्यात टाक्यांची ओळ म्हणजे छिद्रांची ओळ. भेगेला फाटत जायला नवी वाट मिळते. भेगेच्या दोन्ही टोकांना एक मिलिमीटरचं गोल भोक पाडलं, म्हणजे टोकदार कोपरा नाहीसा होऊन जोर पसरतो. आतून पातळ, घट्ट विणीच्या नायलॉन कापडाचं ठिगळ लावलं, कोपरे गोल करून. पंक्चरचे पॅच गोल का असतात हे सायकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. कोपरा असला की तो आधी उचलला जातो. चिकटवायला ओलाव्यावर घट्ट होणारा, रबरासारखा लवचीक पॉलियुरेथेन गोंद घेतला आणि बाहेरून भेगेत त्याचाच पातळ थर भरला. वाळताना बूट सरळ ठेवला नाही. चवडा किंचित वाकवून, पाय चालताना असतो तसा ठेवला, म्हणजे वाकल्यावर थराला ताण पडू नये.

टाचेला पातळ, गुळगुळीत सुएडचा तुकडा बसवला. कडा इतक्या तासल्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड लागू नये. पायाच्या बाबतीत ही परीक्षा डोळ्यांपेक्षा खरी.

शेवटी क्लीट. दोन्ही बोल्ट नवे, आट्यांना ग्रीस, चंदेरी रेघेत क्लीट बरोबर बसवून ठरावीक जोराने आवळणारी टॉर्क की ५ न्यूटन-मीटरवर. ग्रीस लावलं असतं तर पहिला बोल्ट गंजलाच नसता. डाव्या बुटाचे बोल्टही काढून तसेच बसवले.

ब्रेव्हेआधी आणि नंतर

ताईने आधी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पाऊण तास चालवून पाहिलं, दर दहा मिनिटांनी पाय काढत आणि घालत. मग ३० किलोमीटर, मग ८०. प्रत्येक वेळी घरी आल्यावर इनसोल काढून तळ, ठिगळं, बोल्ट तपासले. पहिल्या राइडनंतर मागचा बोल्ट किंचित सैल सापडला. नवी क्लीट किंवा नवा बोल्ट बसला की पहिल्या राइडनंतर पुन्हा आवळावा लागतोच, त्यात काळजीचं काही नव्हतं. दुसरा मोजा तिने ३० किलोमीटरच्या वेळीच काढून टाकला.

ब्रेव्हे तिने बारा तास वीस मिनिटांत पूर्ण केली. दोन कंट्रोल (वाटेतले नोंदणीचे थांबे) चढणीवर होते, तिथे बूट घालून बरंच चालणं झालं. तळ हलला नाही. अप्परच्या भेगेवरच्या थरात एका टोकाला केसाएवढी रेघ दिसते आहे. आतलं ठिगळ पक्कं आहे, पण ती रेघ वाढते का ते दर आठवड्याला पाहतो आहे. वाढली तर बाहेरचा थर खरवडून पुन्हा द्यायचा.

डाव्या बुटाचा तळ मी तेव्हा सोडून दिला होता, कारण तो सुटला नव्हता. परवा बाहेरच्या कडेला अंगठ्याने दाबलं तर रबर आत गेलं आणि हळूहळू वर आलं. आतली पट्टी तीच, वयही तेच. ब्लेडचं टोक फटीत घातलं तर त्याला तोच पिवळा भुगा लागून आला. ताईला सांगितलं की हा सुटायची वाट पाहायची नाही. ईव्हीएची पट्टी कापून ठेवली आहे, ती रविवारी बूट आणून देणार आहे.